गुलाम नबीने खणलेले पेव

मित्रांनो, मला शोधायला निघालात तर वर पाहू नका, पायांखाली पाहा. मी जमिनीच्या पोटात आहे. आमच्या वऱ्हाडात ज्वारी साठवायला लोक जमिनीत खोल खड्डा खणतात. तोंड अरुंद, पोट घागरीसारखे मोठे. त्याला पेव म्हणतात. मी तसलेच एक पेव आहे. जुने आहे, आणि आता रिकामे आहे.

माझ्यामुळे एक गाव जगले, असे लोक सांगतात. माझ्या पोटात एक माणूस मेला, ते मात्र कोणी फारसे सांगत नाही. मी तुम्हाला दोन्ही सांगणार आहे.

आमचे गाव बाळापूरपासून दोन कोसांवर आहे. गावाभोवतीची सगळी जमीन काळी. काळ्या मातीत पीक उत्तम येते, पण तिच्यात पेव टिकत नाही. उन्हाळ्यात ती फाटते आणि पावसाळ्यात ओल धरते. म्हणून माझ्यासाठी गावठाणातली पांढरी, घट्ट मातीची उंच जागा निवडली गेली. निवडणारे होते खुशालराव पाटील. खणणारा होता बाळापूरचा एक तरुण कारागीर, गुलाम नबी.

त्याने मला दीड महिना खणले. मग शेणमातीने माझे अंग आतून लिंपले, हाताच्या तळव्याने घासून गुळगुळीत केले. नंतर माझ्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडे, भरून पेटवल्या. तीन दिवस मी आतून जळत होते. त्या आगीने मी पक्के झाले. मग त्याने तळाशी कडबा अंथरला, कडेने कडबा उभा केला, आणि म्हणाला, "पाटील, आता याच्यात दाना टाका. दहा सालबी सडनार नाई."

खुशालराव म्हणाले, "पन उघडाचं अन् बंद कराचं काम तूच कराचं गा. दुसऱ्या कोनाले जमत नाई."

"जबान देल्ली," गुलाम नबी म्हणाला. "जवरी जिंदा हाय तवरी येईन."

त्याच वर्षी खुशालरावांच्या घरी सून आली होती. तिचे नाव पार्वताबाई. ती सहा वर्षांची असताना वऱ्हाडात मोठा दुष्काळ पडला होता. त्यात तिचे आईबाप आणि दोन भाऊ भुकेने गेले. मामाने तिला वाढवले. म्हणून माझ्या तोंडाशी उभे राहून पहिली टोपली तिने ओतली तेव्हा ती रडत होती. सासऱ्यांनी विचारले तर म्हणाली, "मामंजी, ही जवारी कधी इकू नका. भूक पडली तरच पेव रिकामं करा." खुशालरावांनी हो म्हटले. ते होते तोपर्यंत त्यांनी ते पाळले. मग पार्वताबाईचा नवरा गेला, सासरे गेले, आणि माझा भार तिच्या एकटीवर आला.

दरवर्षी पौषात ज्वारीचे खळे उरकले की बाळापूरहून गुलाम नबी येई. माझ्या तोंडावरची माती बाजूला करी, दगड सरकवी आणि दूर बसून राही. घाई करत नसे. मित्रांनो, बंद पेवात हवा बिघडते. दाणा आत श्वास घेतो आणि माणसासाठी काही उरत नाही. ती वाईट हवा दिसत नाही, तिला वासही येत नाही. म्हणून तो दोन दिवस माझे तोंड उघडे ठेवी. मग दोरीला दिवा बांधून आत सोडी. दिवा जळत राहिला तर कमरेला दोर बांधून उतरे. विझला तर आणखी एक दिवस थांबे. घरातल्यांना तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "दिवा इझला का मानूसबी इझते. याद ठेवा."

तो आत उतरला की माझ्या भिंतीवरून हात फिरवी. कुठे चीर गेली असेल तर लिंपे. जुनी ज्वारी वर काढून तो घरात खायला देई, नवी खाली भरली जाई. शेवटी बिस्मिल्ला म्हणून दगड बसवी. अशी चाळीसहून जास्त वर्षे गेली. मी एकदाही पाणी आत येऊ दिले नाही. एकदाही मला कीड लागली नाही. बाळापूरच्या बाजारात लोक माझे नाव घेत. मला त्याचा अभिमान होता.

मग कापसाचे दिवस आले.

समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली आणि तिथला कापूस बंद झाला, असे लोक माझ्या दगडावर बसून बोलत. विलायतेला आता आपलाच कापूस हवा होता. अकोल्याला नव्या वखारी उठल्या. अमरावतीच्या वाटेवर कापसाच्या गाड्यांची रांग एवढी लांब असे, की सकाळी पहिली गाडी माझ्यावरच्या जमिनीला हादरवून गेली तर शेवटची दुपारी जाई. लोकांच्या हातात कधी नव्हता एवढा पैसा आला. बायकांच्या दंडात चांदी आली. कोणी तर बैलांच्या शिंगांनाही चांदी चढवली.

आणि ज्वारी पेरायची कोणी? जिथे बोट टेकेल तिथे कापूस. गावात मला धरून अकरा पेवे होती. त्यातली दहा त्या दोन वर्षांत रिकामी झाली. काहींनी ज्वारी विकून टाकली, कारण तिलाही भाव आला होता. काहींच्या पेवात मग कुत्री व्याली, काहींत कचरा पडला.

पार्वताबाईला सूर्यभान नावाचा एकच मुलगा. चाळिशीचा, कामसू आणि शब्दाला सरळ माणूस. त्याने सगळ्या शेतात कापूस लावायचे ठरवले. पार्वताबाईने गावाजवळचे आठ एकर सोडले नाहीत.

"माय, तू काहून अशी करून राहिली?" तो म्हणाला. "आठ एकरात जवारी! सारं गाव हासून राह्यलं आपल्याले."

"हासू दे. हासनाऱ्याचं पोट भरलेलं असते."

"आता कुठं पडते दुष्काळ? अकोल्याले रेल्वे येऊन राह्यली. धान्य गाडीनं येईन."

"येईन तवा येईन," ती म्हणाली. "माह्या पेवात मातर दरसाली पडलंच पायजे."

लोक खरोखर हसत. शेजारचा सहदेव तर तिला ऐकू जाईल असे म्हणे, "काकीनं जमिनीत जवारी पुरली, आता तिचं झाड उगवते का पाहून राह्यली." पार्वताबाई आपले काम करत राही. तिचे वय सत्तरीला टेकले होते. कंबर वाकली होती. तरी खळ्यावरून टोपली ती स्वतः डोक्यावर घेऊन येई. वाटेत दोनदा टेकून बसावे लागे.

गुलाम नबीही थकला होता. एक डोळा गेला होता, छातीत धाप भरे. त्याचे दोन्ही मुलगे रेल्वेच्या कामावर गेले होते आणि बापाला तिकडे बोलवत होते. बाळापूरच्या घरी तो आणि त्याची बायको हलीमाबी एवढेच उरले होते. पण पौष आला की काठी टेकत दोन कोस चालून तो येई. येणे आता त्याला अर्धा दिवस लागे.

एका वर्षी दगड बसवून झाल्यावर दोघे माझ्या तोंडाशी बसले होते. पार्वताबाई म्हणाली, "नबीभाऊ, आता माह्यानं होत नाई. पोरगा आयकत नाई, गाव हासते. मी कोनासाठी करून राह्यली हे?"

गुलाम नबीने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "बाई, आमच्या किताबात हजरत यूसुफची कहानी हाय. बादशाहनं सपन पाह्यलं. सात जाड्या गाई, अन् त्यायले खानाऱ्या सात रोड गाई. सात हिरवी कनसं, सात वाळलेली. यूसुफनं सांगलं, सात साल पिकन, तवा दाना जपून ठेवा. मंग सात साल पिकनार नाई. लोकायनं आयकलं म्हनून वाचले."

"तो तरना होता, भाऊ."

"हो. पन त्याचा बाप म्हातारा होता. याकूब. पोरगा गेला म्हनून रडून रडून त्याचे डोये गेले. घरचे त्याले येडा म्हनत. तरी त्यानं बाकीच्या पोरायले हेच सांगलं, जा, शोधा, अल्लाच्या रहमतीची आस सोडू नका. आंधळा, वाकलेला, पन आस सोडली नाई त्यानं. मले तर बाई, यूसुफपेक्षा तो म्हाताराच मोठा वाटते."

पार्वताबाई थोडे हसली. म्हणाली, "आमच्यातबी हाय असा एक म्हातारा. जटायू. साठ हजार वर्साचा म्हनतात. पिसं झडलेली. रावन सीतामाईले घेऊन चालला तवा त्याले ठाऊक होतं, आपल्यानं होनार नाई. पन उठला."

"मंग?" गुलाम नबीने विचारले.

"मंग काय. पंख तुटले. पडला. पन रामाले वाट त्यानंच सांगली."

दोघे उठले आणि आपापल्या वाटेने गेले. मी ते ऐकले आणि माझी ज्वारी घट्ट धरून बसले.

पुढच्याच वर्षी लढाई संपली. कापसाचा भाव एकदम खाली आला. वखारींपुढे गाड्या दोन दोन दिवस उभ्या राहू लागल्या आणि मग येईनाशा झाल्या. एवढ्यावर भागले असते तर गाव सावरले असते. पण त्याच साली मृगाने फसवले. पेरणीपुरता शिंतोडा पडला, अंकुर वर आले, आणि मग आभाळ कोरडे झाले. श्रावणात शेतात धूळ उडत होती. मला वरचे काही दिसत नसे, पण माती वाळत चालल्याचे मला चोहोबाजूंनी कळत होते.

हिवाळ्यात बाजारात ज्वारी महागली. फाल्गुनात ती मिळेनाशी झाली. लोक दंडातली चांदी घेऊन बाळापूरला जात आणि चांदी घेऊनच परत येत. पोरे तरोट्याचा वाळका पाला, बोरांच्या बियांचे पीठ, जे मिळेल ते खात. गुरे विकली गेली, मग मेली. माझ्या दगडावर आता कोणी बसायला येत नव्हते. लोकांच्या पायांचा आवाज हलका झाला होता.

चैत्रात पार्वताबाईने मारुतीच्या पारावर गाव गोळा केले. ती म्हणाली, "माह्या पेवात जवारी हाय. पुढच्या सोमवारी पेव उघडू. घरातली तोंडं मोजून सारख्या वाट्यानं देऊ. माह्या घरालेबी तेवढंच." सहदेव मान खाली घालून उभा होता. त्याची धाकटी मुलगी आठ दिवस उठली नव्हती.

बाळापूरला निरोप गेला आणि शनिवारी सकाळी गुलाम नबी आला. या खेपेला चालत येणे त्याला जमले नाही. निम्म्या वाटेवरून एका गाडीवाल्याने त्याला उचलून आणले. आल्यावर तो पार्वताबाईच्या ओसरीवर निजला. "दुपार टळू द्या. मंग दगड सरकवतो," म्हणाला. "सोमवारपर्यंत हवा साफ होईन."

आता जे सांगायला मला कठीण जाते, ते सांगते.

सूर्यभानकडे अमरावतीचा एक धान्याचा व्यापारी येऊन गेला होता. रेल्वेच्या कामावरच्या मजुरांसाठी त्याला ज्वारी हवी होती आणि सूर्यभान मागेल तेवढे पैसे द्यायला तो तयार होता. सूर्यभान वाईट माणूस नव्हता. सगळी ज्वारी नाही, अर्धी द्यावी, असे त्याने मनाशी ठरवले. कापसाने घर बसले होते, ते पुन्हा उभे करावे, असे त्याला वाटले. आणि हसणाऱ्या लोकांना फुकट वाटायचे, हे त्याच्या मनाला पटत नव्हते. आई ऐकणार नाही, म्हणून वाटप सुरू होण्याआधी अर्धी काढून घ्यायची, असा त्याचा बेत होता. गाड्या नाल्यात झाडाखाली उभ्या होत्या. भर दुपारी, गाव सावलीला पडलेले असताना, तो व्यापाऱ्याचे दोन हमाल घेऊन आला आणि त्याने माझा दगड सरकवला.

त्याने दिवा सोडला. माझ्या तोंडापासून हातभर खाली येताच दिवा विझला.

"वाऱ्यानं गेला असन," तो हमालांना म्हणाला.

वारा नव्हता. चैत्रातली दुपार होती, पान हलत नव्हते. मित्रांनो, मला तोंड आहे पण आवाज नाही. माझ्या पोटात मृत्यू भरलेला होता. तो मीच धरून ठेवला होता, कारण माझे तोंड बंद होते. सूर्यभान दोराला धरून उतरला. पाय ज्वारीला लागले. त्याने टोपली भरायला वाकून दोन ओंजळी घेतल्या. तिसरी घेताना तो गुडघ्यावर बसला आणि मग आडवा झाला.

वरून हमालांनी हाका मारल्या. उत्तर आले नाही. त्यातला एक पळून गेला. दुसऱ्याने बोंब मारली. सूर्यभानची बायको जमुना धावत आली, खाली वाकून पाहताच किंचाळली. मग पार्वताबाई आली. सहदेव आला. गुलाम नबी ओसरीवरून उठून, काठीही न घेता, भिंतीला धरत धरत आला.

त्याने एकदा आत पाहिले आणि सहदेवाला म्हणाला, "दोर माह्या कंबरेले बांध."

पार्वताबाईने त्याचा हात धरला. तिचा एकुलता एक मुलगा खाली पडला होता, आणि तरी तिने त्याचा हात धरला. "नबीभाऊ, तुमी नका जाऊ. तुमीच सांगता ना, दिवा इझला का... तो माहा पोरगा हाय. तुमचा जीव काहून?"

"बाई, या पेवात पयले मी उतरतो. पन्नास साल झाले. आज दुसरा उतरला, थे चुकलं. पन माही बारी गेली नाई."

"तुमची छाती..."

"छाती जेवढी हाय तेवढी पुरन."

सहदेव म्हणाला, "मी जातो, चाचा."

"तुले भिंत कुठं हाय, पाय कुठं ठेवाचा, मालूम नाई. तू वर पाहिजे. वढाले ताकद लागते." एवढे बोलून त्याने ओला रुमाल तोंडाला बांधला, बिस्मिल्ला म्हटले, पोटभर हवा भरून घेतली आणि उतरला.

माझ्या भिंतीला त्याचा हात लागला. तो हात मी ओळखत होते. त्याच हाताने मला घासून घडवले होते. तो श्वास रोखून खाली आला, चाचपडत सूर्यभानपर्यंत गेला, आणि त्याला चाचपून पाहू लागला. दोर एकच होता आणि तो त्याच्या स्वतःच्या कमरेला होता. त्याने तो सोडला. सूर्यभानच्या काखेखालून घेतला, दोन गाठी मारल्या आणि तीन झटके दिले. वरच्यांनी ओढायला सुरुवात केली. वर जाताना सूर्यभान माझ्या अरुंद तोंडात अडकला, तेव्हा गुलाम नबीने खालून त्याच्या पायांना खांदा दिला.

सूर्यभान बाहेर गेला. माझ्या तोंडातून उजेड पुन्हा खाली आला.

तेवढ्यात गुलाम नबीची छाती संपली. त्याने श्वास घेतला. तो श्वास माझ्यातला होता.

दोर लगेच पुन्हा खाली आला. सहदेव वरून ओरडत होता, "चाचा, धरा! चाचा, दोर धरा!" दोर त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर हलत होता. त्याने तो धरला नाही. तो ज्वारीवर कुशीवर निजला होता, ओसरीवर निजायचा तसा.

संध्याकाळपर्यंत लोकांनी लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून माझ्यात खालीवर हलवल्या आणि वारा घातला. मग विहिरीत पडलेला पोहरा काढायचा गळ लावून त्याला वर घेतले. दुसऱ्या दिवशी बाळापूरला त्याला मातीत ठेवले. सूर्यभान वाचला. पण दोन दिवस तो बोलला नाही, आणि बोलू लागला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती. ती कायमची तशीच राहिली.

सोमवार आला. माझे तोंड उघडे होते, पोटात ज्वारी होती, आणि ती घ्यायला कोणी आले नाही.

लोक म्हणाले, पेवाने बळी घेतला, आता आणखी घेईल. कोणी म्हणाले, त्या दाण्यावर मुडदा पडला होता, तो दाणा घरात कसा न्यायचा. कोणी जातीपातीचे बोलले. आत उतरायला एकही माणूस तयार झाला नाही. मंगळवार गेला. बुधवारी सकाळी सहदेवाची धाकटी मुलगी गेली. माझ्यापासून चाळीस पावलांवर तिचे घर होते. माझ्या पोटात दहा गाड्या ज्वारी होती. तिच्या आईचे रडणे मी खाली बसून ऐकले.

दुपारी पार्वताबाई आली. हातात दिवा होता, खांद्यावर दोर. तिने दिवा सोडला. दिवा ज्वारीपर्यंत गेला आणि जळत राहिला. तिने दोर कमरेला बांधला आणि दुसरे टोक जमुनाच्या हाती दिले.

जमुना रडू लागली. "आत्याबाई, तुमी कशा जाता? मी जाते."

"तू धर. माहं वजन किती उरलं आता."

मित्रांनो, पन्नास वर्षे तिने माझ्यात टोपल्या ओतल्या, पण आत ती कधीच आली नव्हती. ती उतरली. जिथे गुलाम नबी पडला होता, तिथे ज्वारीत खोलगट खूण होती. तिने त्या खुणेशेजारी बसून दोन्ही हात जोडले. "जटायूच झाले हो तुमी, नबीभाऊ," एवढेच म्हणाली. मग तिने टोपली भरली. पण त्या खुणेवरूनच भरली, बाजूची नाही.

वर आल्यावर तिने जाते घराबाहेर अंगणात मांडले. सगळ्यांना दिसेल असे दळले. चूल बाहेर पेटवली आणि भाकरी थापल्या. लोक दूरवर उभे राहून बघत होते. पिठाचा, भाकरीचा वास सुटला तशी पोरे पुढे सरकली आणि आयांनी त्यांना मागे ओढले.

तेवढ्यात बाळापूरच्या वाटेने एक म्हातारी येताना दिसली. डोक्यावरून चादर ओढलेली, संगतीला एक शेजारीण. ती हलीमाबी होती. नवरा जाऊन चारच दिवस झाले होते. विधवेने घराबाहेर पडू नये, असा त्यांच्यातला रिवाज. तरी ती दिवसाउजेडी आली होती. ती सरळ माझ्या तोंडाशी आली आणि उभी राहून आत बघत राहिली.

"कुठं पडला होता?" तिने विचारले.

पार्वताबाईने हात दाखवला. मग म्हणाली, "हलीमाबी, माह्या पोरापायी तुमचा मानूस गेला. मले काय म्हनाचं थे म्हना."

हलीमाबी म्हणाली, "काय म्हनू? घरून निघाला तवा मी बोलली, आता तुमाले चालवत नाई, नका जाऊ. तो बोलला, गाव भुका हाय." ती थांबली. तिची नजर चुलीकडे गेली. "वाटनं आयकलं, गाव खात नाई म्हने. त्याच्यानं दाना नापाक झाला म्हने."

पार्वताबाईने तव्यावरची भाकरी उलटली.

"मंग तो कायले मेला?" हलीमाबी गावाकडे तोंड करून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. ती चुलीशी बसली आणि हात पुढे केला. पार्वताबाईने भाकरीचे दोन तुकडे केले. एक तिला दिला, एक स्वतः घेतला. दोघी म्हाताऱ्या सगळ्या गावासमोर कोरडी भाकरी खाऊ लागल्या. दोघींनाही दात थोडेच होते. खायला फार वेळ लागला. खाताना दोघी रडत होत्या आणि थांबत नव्हत्या.

पहिला पुढे आला तो सहदेव. सकाळीच मुलीला मातीत ठेवून आलेला. त्याच्याबरोबर उरलेली दोन पोरे होती. त्याने सूप पुढे धरले. मग बाकीचे आले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यात उतरणारा सूर्यभान होता. आधी दिवा सोडायचा, तो जळतो का बघायचे, मग उतरायचे. त्याने कोणाची माफी मागितल्याचे मी ऐकले नाही. त्याला नीट बोलताच येत नव्हते. पण भादव्यात मूग हाती येईपर्यंत एक दिवसही त्याने दुसऱ्याला उतरू दिले नाही. दर आठवड्याला हलीमाबीचा वाटा सहदेव डोक्यावर घेऊन बाळापूरला जाई, आणि तिथे ती तो मोहल्ल्यात वाटून टाकी.

सगळे वाचले असे मी म्हणणार नाही. ज्येष्ठात गावात पटकीची साथ आली आणि पोट खपाटीला गेलेली माणसे तिला पुरली नाहीत. एकवीस माणसे गेली. बाकीची माझ्यातल्या ज्वारीवर जगली. पार्वताबाई रोज सकाळी मापाशी उभी असे. उभे राहवेना तेव्हा बसून माप घाली. त्या वर्षीच्या नव्या ज्वारीची पहिली टोपली तिनेच माझ्यात ओतली. त्यानंतर दोन वर्षांनी ती अंथरुणाला खिळली आणि गेली. शेवटच्या दिवशीही तिने सुनेला विचारले होते, "पेवात पडलं का यंदा?"

पुढे रेल्वे खरोखर आली. धान्य गाडीने येऊ लागले. सूर्यभान होता तोवर त्याने मला भरले. त्याच्यामागे कोणाला माझी गरज उरली नाही. माझा दगड कोणी तरी घराच्या पायरीसाठी उचलून नेला. माझ्या लिंपणाला चिरा गेल्या. आता पावसाळ्यात माझ्यात पाणी येते, आणि मला ते अडवता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे म्हातारे माणूस असेल. ते वर्षानुवर्षे एकच काम करत असेल आणि तुम्हाला ते उगीचचे वाटत असेल. हसण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, हे कशासाठी करता? त्याने कुणाला शब्द दिलेला असेल. त्याने कधी भूक पाहिलेली असेल. अंग थकले म्हणून माणसाचा शब्द थकत नाही, हे मी माझ्या पोटात पाहिले आहे. त्याची टोपली उचलायला हात लावा. त्याच्याबरोबर दोन कोस चाला.

माझ्यासाठी मात्र मी वेगळेच मागते. जुन्या वस्तू जपून ठेवा, असे सगळ्याच जुन्या वस्तू म्हणतात. मला जपू नका. तुमच्यापैकी जे गावातच राहता, ते माझ्या काठाशी विटीदांडू खेळता. मोहरमच्या सुट्टीत तुमची विटी माझ्यात पडली आणि तुम्ही तिघे-चौघे वाकून पाहत होतात. त्या दिवशी मी फार घाबरले. विटी राहू द्या, दुसरी करून घ्या. घरी जाऊन मोठ्यांना सांगा, की ते पेव बुजवून टाका. पाट्या घेऊन या, पांढरी माती घ्या, आणि तळापासून तोंडापर्यंत दाबून भरा. मी भरलेले राहावे म्हणूनच गुलाम नबीने मला खणले होते. आता मातीने भरले तरी चालेल.